जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर: सफाई आणि ट्यूनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफाई आणि ट्यूनिंग ही दोन वेगळी कामे आहेत. सफाई म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा कार्बोरेटर जसा होता तसा त्याला परत आणणे. ट्यूनिंग म्हणजे त्यानंतरचा, अर्ध्या-पाऊण फेऱ्याचा हिशेब. जुन्या गाड्यांचे हाल होतात ते हा क्रम उलटा केल्यामुळे. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळीत, कचरा तसाच, आणि स्क्रू फिरवून गाडी ‘सेट’. चार दिवस ती बरी चालते, मग पुन्हा तेच, आणि तोवर मूळ सेटिंग काय होते हे कोणालाच आठवत नाही. खालची उत्तरे मुख्यतः एक सिलिंडर, एक कार्बोरेटर असलेल्या साध्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बाकीच्यांसाठी पुढे वेगळे प्रश्न आहेत.

गाडी नीट चालत नाही. दोष कार्बोरेटरचाच आहे हे कसे ओळखू?

आधी बाकीचे सगळे बघा. संशय नेहमी कार्बोरेटरवर जातो, कारण तो बाहेरून दिसतो आणि त्याला फिरवायला स्क्रू असतात. पण प्लग संपलेला असो, एअर फिल्टर तुंबलेला असो, टॅपेटचे (इंजिनच्या व्हॉल्व्हचे) अंतर बिघडलेले असो किंवा पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप चुकलेला असो, लक्षणे हुबेहूब कार्बोरेटरसारखी दिसतात. टॅपेट घट्ट असलेल्या इंजिनाचा कार्बोरेटर कितीही पुसला तरी आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिनचे मंद, एकसारखे चालणे, लागणार नाही.

मग पेट्रोल पोचते का ते बघा. टाकीकडून येणारी नळी कार्बोरेटरवरून काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार एकसारखी पडली पाहिजे. काही गाड्यांत कॉक इंजिनाच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) उघडतो. तिथे तो ‘प्राइम’वर, म्हणजे ओढीशिवाय पेट्रोल सोडणाऱ्या जागी, ठेवून बघावे लागते. गाडी दहा-पंधरा मिनिटे छान चालून मग गुदमरल्यासारखी बंद पडत असेल, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा ‘सूं’ आवाज आला की समजा, झाकणातले हवेचे भोक बंद आहे. त्यात कार्बोरेटरचा काहीही दोष नाही.

एवढे तपासूनही अडचण राहिली तर चोक वापरून बघा. ही सर्वांत स्वस्त तपासणी. इंजिन गरम असताना चोक थोडा ओढला आणि गाडी सुधारली, तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. ओढल्यावर आणखी बिघडली तर मिश्रण आधीच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. गरम गाडी चोकशिवाय आयडलवर टिकतच नसेल, तर बहुतेक वेळा स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारा) बंद असतो किंवा कुठून तरी चोरटी हवा, म्हणजे कार्बोरेटरला वगळून भेगेतून शिरणारी हवा, आत येत असते.

कार्बोरेटर आतून काम कसा करतो?

पिस्टन खाली जातो तेव्हा इंजिन हवा ओढते. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दाबाच्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढते आणि हवेत फवारले जाते. इंजिन पेट्रोल ‘शोषते’ असे आपण म्हणतो, खरे तर बाहेरची हवा ते ढकलते. म्हणूनच वाटीची हवेची बारीक नळी बुजली की चांगला कार्बोरेटरही उपाशी राहतो.

वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. पाण्याच्या टाकीत बॉल वर आला की नळ बंद होतो, अगदी तसेच.

पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद मात्र थोड्या रिच मिश्रणावर, १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते. कोणताही एक जेट आयडलपासून पूर्ण रेसपर्यंत हे प्रमाण राखू शकत नाही. त्यासाठी आयडलला स्लो जेट, मधल्या पट्ट्यात सुई, वरच्या टोकाला मेन जेट अशी कामाची वाटणी केलेली असते. ही वाटणी डोक्यात पक्की बसली की अर्धे निदान गाडी चालवतानाच होते.

किती किलोमीटरनंतर कार्बोरेटर उघडून साफ करावा?

किलोमीटर मोजून उघडू नका. रोज चालणाऱ्या, फिल्टर नीट असलेल्या गाडीचा कार्बोरेटर वर्षानुवर्षे उघडावा लागत नाही. उभी राहणारी गाडीच जास्त त्रास देते. सर्व्हिसिंग आहे म्हणून उगाच खोललेल्या कार्बोरेटरचे आटे गेलेले आणि स्क्रूंची डोकी झिजलेली असतात, बाकी फायदा काही नाही.

टाकीत औषध टाकून किंवा बाहेरून स्प्रे मारून काम भागेल का?

हलका थर असेल तर टाकीतल्या क्लीनरने थोडा फरक पडतो. स्लो जेट पूर्ण बंद असेल तर नाही, कारण बंद जेटमधून औषध पुढे जाणारच नाही.

कार्बोरेटर न काढता एक काम जरूर करता येते. वाटीच्या तळाशी पेट्रोल सोडायचा स्क्रू असतो, तो ढिला करून सगळे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब, गंजाची भुकटी किंवा जुन्या वार्निशसारखा वास असेल तर पुढचे काम काय आहे ते कळले. गंज दिसला तर आधी टाकीकडे वळा. टाकी गंजलेली ठेवून कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही, तो पहिल्याच फेरीत परत भरेल.

हत्यारे काय लागतात?

सर्वांत महत्त्वाचा म्हणजे योग्य स्क्रूड्रायव्हर. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरचे, म्हणजे मिकुनी, केहिन वगैरेंचे, फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस या जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात खोलवर बसत नाही, जोर लावला की उसळतो आणि डोके खराब करतो. जेटसाठी खाचेत घट्ट, पूर्ण रुंदीने बसणारा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असते.

बाकी कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, दाबाची हवा, पांढरे कापड अंथरलेला ट्रे, आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा टाळू नका. एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यांत येतो, हे कार्बोरेटरचे आवडते काम आहे. वाटीचे नवे पॅकिंग आणि ओ-रिंग आधीच आणून ठेवा. जुने पॅकिंग फुगून परत खाचेत बसत नाही, आणि ते बहुधा खोलल्यावरच कळते.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत लांबपर्यंत जाते. दूर कोपऱ्यात पेटलेली ज्योतही पुरेशी होते.

काढताना काय सांभाळायचे?

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, प्रत्येक नळीचा फोटो घ्या. स्लाइड (मूठ पिळली की केबलने वर उचलली जाऊन गळा उघडणारा, खाली सुई असलेला भाग) केबलला तशीच लटकू द्या, पण सुई वाकू नये म्हणून तिच्यावर कापड गुंडाळा.

एअर स्क्रू (आयडलचे मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हळूच आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा: सव्वा, दीड, जे असेल ते. टेकला की थांबा. जोराने आवळला तर त्याचे टोक चेपते, बसायची जागा रुंद होते, आणि त्यानंतर तो कार्बोरेटर कधीच नीट ट्यून होत नाही. स्क्रूमागे स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग असू शकते. वॉशर आणि ओ-रिंग पुष्कळदा आतच चिकटून राहतात. ती काढली नाहीत तर स्प्रेने रबर फुगते आणि नवी ओ-रिंग तिच्यावर बसवली जाते.

फ्लोटची आडवी दांडी ज्या दोन खांबांत असते ते ओतीव धातूचे असतात आणि ठिसूळ असतात. दांडी अडकली असेल तर हातोडी मारू नका. तिथे झिरपणारे तेल सोडा, थोडी उष्णता द्या आणि खांबाला मागून आधार देऊन दांडी हळूच सरकवा. खांब तुटला की बॉडीच बदलावी लागते.

सफाई नेमकी कशी करायची?

आधी रबराचे आणि प्लास्टिकचे सगळे भाग बाजूला काढा. क्लीनर पितळ आणि ॲल्युमिनियमला चालतो, ओ-रिंग आणि डायाफ्रामला (काही कार्बोरेटरमधल्या पातळ रबरी पडद्याला) चालत नाही.

सगळे जेट बाहेर काढा. अर्धवट सफाईत हमखास राहतो तो स्लो जेट, कारण तो खोल खड्ड्यात बसलेला असतो आणि मेन जेट काढला की काम झाल्यासारखे वाटते. स्लो जेटचे भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. सुकलेल्या पेट्रोलचा पातळ थरही त्याला पुरतो. जेट उजेडाकडे धरून आरपार बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. अंधुक, वाकडेतिकडे दिसत असेल तर क्लीनरमध्ये भिजवून ठेवा. काही जेटच्या बाजूलाही ओळीने बारीक भोके असतात, हवा मिसळण्यासाठी. तीही तपासा. सुई ज्या पितळी नळीत वरखाली होते तिच्या अंगावरही अशीच भोके असतात.

आता बॉडी. जेट हे काढून हातात घेता येतात, पण खरा कचरा बॉडीतल्या वाटांमध्ये दडतो. प्रत्येक वाटेत एका टोकाने स्प्रे मारा आणि दुसऱ्या टोकाने तो कुठून बाहेर येतो ते बघा. स्लो जेटच्या खड्ड्यातून मारलेला स्प्रे तीन ठिकाणी दिसायला हवा: एअर स्क्रूच्या जागेत, कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या भोकात, आणि स्लाइडच्या पायाशी इंजिनच्या बाजूला असलेल्या एक-दोन अतिबारीक भोकांत. हीच ती भोके, जी विसरली की ‘सगळे साफ केले तरी पिकअपला खड्डा पडतो’, म्हणजे मूठ पिळताच गाडी क्षणभर अडखळते, अशी तक्रार येते. बाहेर येणारी धार बारीक पण जोरकस हवी. थेंबथेंब आली तर वाट अजून अर्धी बंद आहे. नंतर दाबाची हवा मारा.

चोकची वाट बहुतेक जण विसरतात. तिचा जेट अनेकदा वाटीतच, एका कोपऱ्यातल्या खोल नळीच्या तळाशी असतो.

वाटीत पांढरी, खरखरीत बुरशीसारखी पावडर दिसली तर तो धातू झिजल्याचा क्षार आहे, पाण्यामुळे झालेला. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल धरून ठेवते, आणि पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. अशी पावडर स्प्रेने निघत नाही. अल्ट्रासोनिक यंत्रात कोमट पाणी आणि सौम्य साबण घालून बॉडी ठेवली तर चांगली निघते. यंत्रातून काढल्यावर लगेच हवा मारून वाळवा, ओली ठेवली तर पुन्हा तेच.

बंद जेट तारेने किंवा ड्रिलने मोकळा करू का?

ड्रिलने कधीच नाही. स्टीलच्या तारेनेही नाही. केहिनच्या जेटवर ३८ लिहिलेले असते तेव्हा भोक ०.३८ मिलिमीटर असते. ते खरवडून ०.४२ झाले तर क्षेत्रफळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. फारच अडले तर विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते, कारण तांबे पितळेहून मऊ असते. तीही भिजवल्यानंतर, हलक्या हाताने.

दुरुस्तीचे किट आणले आहे. त्यातले सगळे भाग बदलू का?

नाही. किटमधले पॅकिंग आणि ओ-रिंग वापरा. फ्लोट व्हॉल्व्हची पिनही वापरा, जर जुन्या पिनच्या टोकावर अंगठीसारखी खाच पडली असेल तर. पण मूळ पितळी जेट चांगले असतील तर तेच साफ करून परत बसवा. कोणत्याही नावाशिवाय विकल्या जाणाऱ्या किटमधले जेट आकड्याप्रमाणे निघतीलच असे नाही.

बदलण्यासारखी जोडी म्हणजे सुई आणि तिची नळी. जास्त चाललेल्या गाडीत सुई नळीवर घासून भोक लांबट होते. मग अर्ध्या मुठीवर (ॲक्सिलरेटर अर्धा उघडा असताना) गाडी रिच चालते, ॲव्हरेज कमी होतो, आणि जेट कितीही बदलले तरी फरक पडत नाही. अशा वेळी सुई आणि नळी दोन्ही एकत्र बदला.

कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळते. का?

फ्लोट व्हॉल्व्हच्या पिनमध्ये कचरा अडकला असेल तर वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. कधी कधी तेवढ्याने थांबते. थांबले नाही तर पिन, तिची बसायची जागा आणि फ्लोट बघा. पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोक दाखवतात. काही वाट्यांमध्ये ओव्हरफ्लोची उभी पितळी नळी असते. तिला उभी भेग गेली तर फ्लोट एकदम ठीक असूनही पेट्रोल गळत राहते, आणि माणूस फ्लोटच्या मागे लागून वैतागतो.

एक गोष्ट गंभीर आहे. रात्रभर गळलेले पेट्रोल बाहेर दिसत नसेल तर ते इंजिनमध्ये गेले असू शकते. ऑइलची पातळी वाढलेली वाटली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. ऑइल बदला, प्लग काढून किक मारा आणि सिलिंडर मोकळा झाल्याची खात्री करा. द्रव दाबला जात नाही. भरलेल्या सिलिंडरवर जोराने स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

फ्लोटची उंची कशी मोजायची?

वाटी काढून कार्बोरेटर तिरपा धरा. फ्लोटची जीभ व्हॉल्व्हच्या पिनला नुसती टेकली पाहिजे, पिनमधली बारीक स्प्रिंग दाबली जाता कामा नये. या स्थितीत पॅकिंगच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी जुळवा. कार्बोरेटर उलटा सरळ ठेवून मोजले तर फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप खोटे येते. जीभ धातूची असेल तर किंचित वाकवून दुरुस्त करता येते. पूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटला वाकवायला काही नसते, तो बदलावाच लागतो.

एअर स्क्रू बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते की कमी होते?

स्क्रू कुठे आहे त्यावर. स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो: बाहेर फिरवला की हवा वाढते, मिश्रण लीन. स्लाइडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल किंवा तयार मिश्रण मोजतो: बाहेर फिरवला की रिच. दोन्हींना सगळे ‘एअर स्क्रू’च म्हणतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरून ऐकलेला सल्ला तुमच्या गाडीला उलटा लागू शकतो.

ट्यूनिंगची पद्धत काय?

गाडी दहा मिनिटे रस्त्यावर चालवून पूर्ण गरम करा. उभ्या उभ्या गरम केलेले इंजिन या कामाला चालत नाही. केबलला थोडी ढील आहे का बघा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. हँडल वळवल्यावर आवाज वाढला तर आधी केबल नीट करा.

स्क्रू पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर ठेवा. आयडल स्क्रूने (स्लाइड किंचित वर उचलून धरणाऱ्या वेगळ्या स्क्रूने) वेग नेहमीपेक्षा थोडा वाढवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेरा एका दिशेने फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिनला स्थिरावायला काही सेकंद द्या. वेग वाढत जाईल, मग एका जागी थांबेल, मग उतरू लागेल. त्या सर्वांत वरच्या जागी परत या. वेग वाढला म्हणून आयडल स्क्रूने तो खाली आणा आणि पुन्हा एकदा तेच करा. दुसऱ्या वेळी फरक अगदी थोडा पडतो. शेवटी आयडल पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा. छोट्या एक सिलिंडरच्या गाड्यांत तो बहुधा १,२०० ते १,५०० आरपीएमच्या दरम्यान असतो.

मूठ झटकन पिळून सोडा. इंजिन न अडखळता वर गेले आणि लगेच जाग्यावर आले तर झाले. पिळताच खड्डा पडला तर किंचित लीन आहे. खाली येताना आयडलच्याही खाली बुडून मग सावरले तर किंचित रिच.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर ट्यूनिंग थांबवा. त्याचा अर्थ स्लो जेटची वाट अजून बंद आहे, किंवा आयडल स्क्रूने स्लाइड इतकी वर उचलली आहे की इंजिन त्या वाटेवर चालतच नाही. तसेच उत्तम जागा जेमतेम अर्ध्या फेऱ्यावर किंवा तीन फेऱ्यांच्या पुढे मिळत असेल तर जेटचा आकडा, कचरा किंवा चोरटी हवा यांपैकी काहीतरी आहे. स्क्रूकडून त्याची भरपाई करून घेऊ नका.

चालताना मधेच खड्डा पडतो. कोणता भाग बघू?

वेग विसरा, मूठ किती उघडी आहे ते बघा. मुठीवर आणि शेजारी चिकटपट्टीच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. पाव मुठीपर्यंत स्लो जेट आणि स्लाइडचा तिरपा काप बोलतात. पाव ते पाऊण हे सुईचे राज्य. पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमा काटेकोर नसतात, एकाचा अंमल दुसऱ्यात थोडा शिरतो.

सुईवर खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि मधला पट्टा रिच होतो. क्लिप वर घेतली की लीन. एका वेळी एकच खाच, एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्लगच्या रंगावर किती विश्वास ठेवावा?

थोडाच. काळी कोरडी काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, पांढरा फटक म्हणजे लीन, हे खरे आहे. पण आयडलवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलची गोष्ट सांगतो. मेन जेट तपासायचा तर नवा प्लग लावून, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर पूर्ण मुठीवर चालवून, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबून थांबावे लागते. प्लगवर फोड किंवा वितळल्याचे कण दिसले तर तशी गाडी पुढे चालवू नका.

मूठ सोडली तरी इंजिनचा वेग लवकर उतरत नाही.

हे जवळजवळ नेहमीच लीन मिश्रणाचे, म्हणजे चोरट्या हवेचे लक्षण. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. क्लॅम्प आणि ओ-रिंग तपासा. आयडलवर त्या जोडाभोवती साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला तर जागा सापडली. क्लीनरच्या स्प्रेने हीच तपासणी अनेक जण करतात, पण गरम सायलेन्सरजवळ ज्वलनशील फवारा मारणे मला मुळीच पटत नाही.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटत असतील तर सायलेन्सरचे पॅकिंगही बघा. तिथून आत शिरलेली हवाही हेच करते.

चोक ओढून रेस दिली की गाडी उलट बंद पडते. असे का?

कारण बहुतेक मोटरसायकलींवरचा चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून जास्तीचे पेट्रोल देणारी वेगळी वाट असते. ती इंजिनच्या ओढीवर चालते, आणि ओढ मूठ बंद असतानाच जोरात असते. मूठ न पिळता किक मारा.

माझ्या गाडीत डायाफ्रामवाला कार्बोरेटर आहे. काय वेगळे?

त्यात केबल स्लाइडला नाही, फुलपाखरासारख्या झडपेला जोडलेली असते. स्लाइड ओढीवर आपोआप उचलली जाते. स्लाइड बोटाने वर ढकलून सोडली तर ती एकसारखी, सावकाश खाली आली पाहिजे. पटकन पडली तर डायाफ्रामला भोक असू शकते. तो उजेडाकडे हलकेच ताणून बघा. त्यावर क्लीनर पडू देऊ नका, आणि बसवताना कडा खाचेत सगळीकडून बसली आहे याची झाकण लावण्याआधी खात्री करा. चिमटलेला डायाफ्राम लगेच फाटतो.

दोन किंवा चार कार्बोरेटर असतील तर?

आधी प्रत्येकाची सफाई आणि फ्लोटची उंची सारखी करा. मग टेबलावरच, एकच बारीक तार प्रत्येक स्लाइडखाली किंवा झडपेखाली सारख्याच घर्षणाने सरकेल असे जुळवा. गाडीवर बसवल्यावर व्हॅक्यूम गेजने (ओढ मोजणाऱ्या मीटरने) अंतिम जुळवणी. ओळीतल्या चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा पहिला-दुसरा, मग तिसरा-चौथा, आणि शेवटी दोन्ही जोड्या एकमेकींशी असा क्रम असतो. इंजिन हवेवर थंड होणारे असेल तर समोर पंखा लावा. उभ्या गाडीवर हे काम वाटते त्यापेक्षा जास्त वेळ खाते.

टू-स्ट्रोकला काही वेगळे नियम?

सर्वांत मोठा फरक म्हणजे लीन चालवण्याची शिक्षा. पेट्रोलबरोबरच ऑइल आत येते, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि पिस्टन जाम होतो. शंका असेल तर रिचच्या बाजूला राहा. टाकीत ऑइल मिसळत असाल तर एक उलटा वाटणारा मुद्दा लक्षात ठेवा: ऑइलचे प्रमाण वाढवले की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, म्हणजे गाडी लीन होते.

मोकळा फिल्टर किंवा मोठा कार्बोरेटर लावला तर ताकद वाढेल?

फिल्टर बदलला तर हवा वाढते, आणि जेट न बदलता गाडी लीन चालते. मोठ्या कार्बोरेटरने गळा रुंद होतो, खालच्या वेगावर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारले जात नाही. रोजच्या वापरात पिकअप उलट मंदावतो. बदलायचेच असेल तर मिकुनी आणि केहिनच्या जेटचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत.

डोंगरावर गेल्यावर गाडी काळा धूर सोडते, बिघडली का?

नाही. दर १,००० मीटर उंचीला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. प्रवास थोड्या दिवसांचा असेल तर काहीही बदलू नका. कायम तिथेच राहणार असाल तर मेन जेट लहान करावा लागतो.

गाडी काही महिने उभी ठेवायची आहे. काय करू?

टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. कार्बोरेटर मात्र रिकामा करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे पुरेसे नाही, कारण जेटच्या खालच्या पातळीचे पेट्रोल वाटीत तसेच राहते. वाटीच्या तळाचा स्क्रू उघडूनच ते पूर्ण काढा. परत चालू करताना कॉक उघडून वाटी भरू द्या, मगच किक मारा. कॉक ओढीवर चालणारा असेल तर तो अर्धा-एक मिनिट ‘प्राइम’वर ठेवा, आणि गाडी चालू झाली की आठवणीने परत ‘ऑन’वर आणा.